रिंग बांधतो कोण?

बॉक्सिंगचा इतिहास आपल्याला बहुतेक वेळा नावांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. जॅक जॉन्सन, जो लुईस, मुहम्मद अली. आपल्या वस्त्यांतल्या तरुणांच्या मोबाइलवर अलीचे फोटो असतात, व्यायामशाळेच्या भिंतीवर त्याचं पोस्टर असतं. ते असायलाच हवं. पण त्या प्रत्येक फोटोत आणखी एक गोष्ट असते आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. ती म्हणजे रिंग. चार खांब, त्यांना ताणलेले दोर, खाली चौथरा, त्यावर घट्ट ओढलेलं कॅनव्हास. ही रिंग कुणी उभी केली? कुणाच्या पैशातून? दोरांच्या आत कुणाला घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं, हे कुणी ठरवलं?

हे प्रश्न विचारायचं कारण असं की, एक वाक्य आपल्याला वारंवार ऐकवलं जातं. "खेळात जात नसते, वंश नसतो. रिंगमध्ये उतरलं की फक्त ठोसा बोलतो." वाक्य ऐकायला गोड आहे. दोघांचं वजन सारखं, हातमोजे सारखे, वेळ सारखी, नियम सारखे. जगात इतकी मोजूनमापून केलेली समता दुसरीकडे कुठे दिसणार? पण आमचं म्हणणं असं आहे की, ही समता आपोआप येत नाही. ती खांब-दोरांसारखीच उभारावी लागते. आणि जो उभारतो, तोच तिची हद्दही ठरवतो. बॉक्सिंगचा अडीचशे-पावणेतीनशे वर्षांचा इतिहास याचा पुरावा आहे.

कड्याचा चौकोन कसा झाला

'रिंग' म्हणजे कडं. मग बॉक्सिंगची रिंग चौकोनी का? कारण सुरुवातीला ते खरोखरच माणसांचं कडं होतं. दोघे भिडायचे आणि बघे भोवती गोल करून उभे राहायचे. त्या कड्याला ना माप होतं, ना नियम. बघ्यांनी मनात आणलं तर कडं आवळायचं, नको असलेल्याला ढकलून द्यायचं.

१७४३ साली लंडनमध्ये जॅक ब्राउटन या मुष्टियोद्ध्याने आपल्या आखाड्यासाठी पहिले लेखी नियम केले. लढतीच्या चौथऱ्याच्या मधोमध खडूने एक यार्डाचा चौरस आखायचा आणि प्रत्येक वेळी तिथूनच लढत पुन्हा सुरू करायची, हा त्यातला एक. दुसरा नियम आमच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा आहे : लढणारे दोघे आणि त्यांचे साहाय्यक यांच्याशिवाय चौथऱ्यावर कुणीही यायचं नाही. म्हणजे बघ्यांना दूर ठेवणं हा या खेळातल्या अगदी पहिल्या नियमांपैकी एक आहे.

१८३८ च्या लंडन नियमांत रिंगचं मापच लिहून ठेवलं गेलं. हिरवळीवर २४ फूट लांब, २४ फूट रुंद चौरस, आठ खुंट्या, दोरांच्या दोन ओळी. वरचा दोर जमिनीपासून चार फुटांवर, खालचा दोन फुटांवर. तेव्हा अशा लढती बेकायदा होत्या. म्हणून खुंट्या आणि दोर सोबत घेऊन फिरायचं, अधिकारी येण्याची कुणकुण लागली की सगळं उपटायचं आणि दुसऱ्या गावच्या माळावर जाऊन पुन्हा ठोकायचं, असं चालायचं. १८६७ साली क्वीन्सबेरी नियम आले. हातमोजे, तीन मिनिटांची फेरी, एक मिनिट विश्रांती, खाली पडलेल्याला उठायला दहा सेकंद. आजचं बॉक्सिंग याच नियमांतून वाढलं.

कागदावर पाहिलं तर हा समतेकडे जाणारा सरळ रस्ता वाटतो. कागदाबाहेर काय घडत होतं, ते आता पाहू.

दोर ओलांडून गर्दी आत येते

१८ डिसेंबर १८१०. इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात, थंडी-पावसात, टॉम क्रिब आणि टॉम मॉलिनो यांची लढत झाली. क्रिब इंग्लंडचा गोरा विजेता. मॉलिनो अमेरिकेतून आलेला कृष्णवर्णीय. त्याला तयार करणारा बिल रिचमंड स्वतः १७६३ साली न्यूयॉर्कजवळच्या स्टॅटन आयलंडवर गुलामगिरीत जन्मलेला आणि पुढे लंडनमध्ये नावाजलेला मुष्टियोद्धा.

एकोणिसाव्या फेरीच्या सुमारास मॉलिनोने क्रिबला दोरांवर दाबून धरलं. त्याच क्षणी बघ्यांची गर्दी दोर ओलांडून आत घुसली. या झटापटीत मॉलिनोच्या बोटाला इजा झाली, असं तेव्हापासून सांगितलं जातं. पुढे क्रिब गळाठल्यावर त्याच्या बाजूने मॉलिनोवर भलताच आरोप करून वेळ काढण्यात आला, असाही किस्सा या लढतीच्या इतिहासात आहे. शेवटी तीसहून अधिक फेऱ्यांनंतर क्रिब जिंकला. त्या काळचा प्रसिद्ध क्रीडालेखक पिअर्स इगन यानेही पुढे मान्य केलं की, मॉलिनोच्या आड त्याचा रंग आला. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या लढतीत मॉलिनो हरला आणि १८१८ साली आयर्लंडमधल्या गॉलवे इथे हलाखीत मेला.

नियम होता, दोर होते, मोजलेला चौरसही होता. पण दोराबाहेरचा समाज विषमतेचा होता आणि गरज पडली तेव्हा तो दोर ओलांडून आत आला. रिंगमधली समता रिंगबाहेरच्या समाजाच्या मर्जीवर किती टिकते, याचं इतकं स्पष्ट उदाहरण शोधून सापडणार नाही.

दोर ओलांडायची गरजच उरली नाही

पुढे गोऱ्या समाजाने याहून सोपा उपाय काढला. गर्दीने आत घुसण्यापेक्षा कृष्णवर्णीयाला आत येऊच द्यायचं नाही. याला अमेरिकेत 'रंगाची रेषा' म्हणत.

जॉन एल. सलिव्हन हा हेवीवेट गटाचा नावाजलेला विजेता. त्याने १८९२ साली जगातल्या मुष्टियोद्ध्यांना जाहीर आव्हान दिलं आणि त्याच आव्हानात सांगून टाकलं की, आपण निग्रोशी लढणार नाही. त्या वेळी पीटर जॅक्सन हा कॅरिबियन बेटांत जन्मलेला, ऑस्ट्रेलियात हेवीवेट विजेता झालेला कृष्णवर्णीय योद्धा ऐन भरात होता. १८९१ साली सॅन फ्रान्सिस्कोत जेम्स कॉर्बेटशी त्याची ६१ फेऱ्यांची लढत अनिर्णित सुटली. पुढच्याच वर्षी ७ सप्टेंबरला न्यू ऑर्लिन्समध्ये सलिव्हनशी जगज्जेतेपदासाठी लढायला मिळालं ते कॉर्बेटला. तो जिंकला. जॅक्सनला ती संधी कधीच मिळाली नाही.

त्याच न्यू ऑर्लिन्सच्या ऑलिंपिक क्लबमध्ये, आदल्या दिवशी, जॉर्ज डिक्सन या कृष्णवर्णीय विजेत्याने जॅक स्केली या गोऱ्या स्पर्धकाला सपशेल हरवलं. क्लबने यातून कोणता धडा घेतला? यापुढे आपल्या रिंगमध्ये गोरा विरुद्ध काळा अशी लढत ठेवायची नाही. डिक्सनने नियम मोडला नव्हता. तो जिंकला, एवढाच त्याचा अपराध.

रिंग क्लबची होती. दार क्लबचं होतं. मग आतले नियम कितीही समान असले तरी त्यांचा उपयोग काय?

सिडनी आणि रेनो

जॅक जॉन्सनने विजेत्या टॉमी बर्न्सचा देशोदेशी पाठलाग केला, तेव्हा कुठे २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत लढत ठरली. लढत भरवणारा ह्यू मॅकिंटॉश. स्टेडियम त्यानेच बांधलेलं. बर्न्सला ३० हजार डॉलर, जॉन्सनला ५ हजार. आणि पंच कोण? स्वतः मॅकिंटॉश. जॉन्सन इतका वरचढ ठरला की, चौदाव्या फेरीत पोलिसांनी लढत थांबवली आणि चित्रीकरणही बंद केलं. गोरा विजेता कोसळतानाचं दृश्य जगाला दिसू नये, ही त्यामागची धडपड होती. तरी निकाल बदलता आला नाही. जगाला पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता मिळाला.

मग निवृत्त झालेल्या जिम जेफ्रीजला गोऱ्यांची लाज राखायला परत बोलावण्यात आलं. विजेता असताना कृष्णवर्णीय आव्हानवीरांशी लढायला नकार देणारा हाच तो जेफ्रीज. लेखक जॅक लंडननेही त्याला जाहीर साद घातली. समाजवादी म्हणवणारा हा लेखक रंगाचा प्रश्न आला की कुठे उभा राहिला, हेही आपण लक्षात ठेवलं पाहिजे.

लढत सॅन फ्रान्सिस्कोत ठरली होती, तयारीही सुरू होती. कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने ऐन वेळी ती होऊ द्यायला नकार दिला. आयोजक टेक्स रिकार्डने सगळा पसारा नेवाडा राज्यातल्या रेनो या छोट्या शहरात हलवला. अवघ्या काही आठवड्यांत तिथे सुमारे वीस हजार माणसं बसतील असा लाकडी आखाडा उभा राहिला. सुतारांनी फळ्या ठोकल्या, बाकं लावली, मधोमध रिंग बांधली. ४ जुलै १९१०, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. पंच पुन्हा आयोजकच, म्हणजे रिकार्ड. पंधराव्या फेरीत जेफ्रीज संपला.

त्या रात्री अमेरिकेच्या अनेक शहरांत कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले, माणसं मारली गेली. १८१० साली गर्दी दोर ओलांडून रिंगमध्ये शिरली होती. १९१० साली तिने रिंगबाहेरच्या वस्त्यांवर सूड उगवला. १९१२ साली लढतींच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायला बंदी करणारा कायदा झाला. जॉन्सनला एका नैतिकतेच्या कायद्याखाली खटल्यात अडकवलं गेलं. गोऱ्या स्त्रियांशी त्याचे संबंध हे खरं दुखणं होतं. जून १९१३ मध्ये शिकागोत तो दोषी ठरला आणि देश सोडून गेला. त्याला मरणोत्तर माफी मिळाली २०१८ साली.

जॉन्सन दोषी ठरला, त्याच्या पुढच्याच महिन्यात, जुलै १९१३ मध्ये, बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला पोहोचले. ते तिथे शिकत असतानाच ५ एप्रिल १९१५ रोजी हवानात जेस विलर्डकडून जॉन्सन हरला. आणि मग दार पुन्हा बंद झालं. त्यानंतर बावीस वर्षं एकाही कृष्णवर्णीयाला हेवीवेट जगज्जेतेपदासाठी लढू दिलं गेलं नाही. हॅरी विल्ससारखा तगडा आव्हानवीर समोर असताना जॅक डेम्प्सीशी त्याची लढत झालीच नाही. डेम्प्सीच्या मोठमोठ्या लढती भरवणारा माणूस कोण? तोच, टेक्स रिकार्ड.

जाळी बांधणाऱ्याला बॅट नाही

हे वाचताना आपल्याला आपल्याकडचं काही आठवलं नाही तरच नवल. पळवणकर बाळू चर्मकार समाजातले. पुण्यात युरोपियनांच्या क्लबवर ते महिना चार रुपयांवर कामाला होते. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, ती आखायची, सरावाची जाळी उभी करायची आणि साहेबांना तासन् तास गोलंदाजी करायची. पण त्यांच्या हातात बॅट कुणी दिली नाही. त्यांची गोलंदाजी पाहून हिंदूंच्या संघाने त्यांना घेतलं खरं, पण चहा वेगळ्या मातीच्या भांड्यातून, मंडपाबाहेर. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांच्या नावावर झालं नाही. ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना १९२३ साली मिळालं. बाळू पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले, हे आपण विसरलेलो नाही. पण म्हणून मैदानावर त्यांच्यावर झालेला अन्याय लहान होत नाही.

यातून एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. अंगमेहनतीने मैदान, रिंग, मांडव उभा करणं म्हणजे त्यावर हक्क मिळवणं नव्हे. रेनोच्या फळ्या ठोकणाऱ्या सुतारांना कुठे निर्णय घ्यायचा होता? आपल्याकडेही मांडवाचे बांबू बांधणारे हात कुणाचे असतात आणि मंचावरच्या खुर्च्या कुणाच्या असतात, हे आपण रोज पाहतो. बाबासाहेब ज्यांना माऱ्याच्या जागा म्हणत, त्या बॉक्सिंगमध्येही आहेत. परवाना देणारा, लढत ठरवणारा, पंच, गुण देणारे, कोपऱ्यात उभा राहणारा प्रशिक्षक.

जो लुईस २२ जून १९३७ रोजी जगज्जेता झाला, तेव्हा त्याचा प्रशिक्षक जॅक ब्लॅकबर्न कृष्णवर्णीय होता, दोन्ही व्यवस्थापक कृष्णवर्णीय होते. त्यालाही गोऱ्यांना खुपणार नाही असं वागण्याची सक्त पथ्यं पाळावी लागली, पण त्याचा कोपरा त्याच्या माणसांच्या हातात होता. अलीचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. १९६७ साली व्हिएतनाम युद्धासाठी लष्करात जायला नकार दिल्यावर त्याचं पद आणि परवाने काढून घेतले गेले. साडेतीन वर्षं जगातला सर्वोत्तम मुष्टियोद्धा रिंगबाहेर. २६ ऑक्टोबर १९७० ला तो परतला तो अटलांटात. तिथेच का? कारण जॉर्जिया राज्यात बॉक्सिंगचं राज्य मंडळ नव्हतं आणि लिरॉय जॉन्सन या कृष्णवर्णीय सिनेटरने आपलं राजकीय वजन वापरून शहराची परवानगी मिळवून दिली. अलीचा ठोसा जितका खरा, तितकीच त्या परवानगीच्या कागदावरची सही खरी. आपण पोस्टर अलीचं लावतो. लिरॉय जॉन्सनचं नावही आपल्याला ठाऊक असायला हवं.

दोर आणि जीव

कुणी म्हणेल, खांब-दोरांवर एवढं काय लिहायचं? तर २१ मार्च १९६३ ची लॉस एंजेलिसमधली लढत पाहा. डेव्ही मूर हा कृष्णवर्णीय फेदरवेट विजेता शुगर रामोसशी लढताना मागे पडला आणि त्याची मान सर्वांत खालच्या दोरावर आदळली. चार दिवसांनी तो गेला. या मृत्यूनंतर दोरांची संख्या, त्यांचा कडकपणा, त्यांवरचं मऊ आवरण हे सगळे प्रश्न ऐरणीवर आले. रिंग नीट बांधणं हा जिवाचा प्रश्न आहे.

म्हणून ज्या तरुण मित्र-मैत्रिणींना आपल्या वस्तीत किंवा जयंतीच्या स्पर्धेसाठी रिंग उभी करायची आहे, त्यांनी माप माहीत करून घ्यावं. आंतरराष्ट्रीय हौशी स्पर्धांत दोरांच्या आतला चौरस ६.१० मीटरचा असतो. दोरांबाहेरही चौथरा ८५ सेंटिमीटर पुढे असतो, म्हणजे तोल गेलेला माणूस थेट खाली पडत नाही. दोर चार, जाडी ४ सेंटिमीटर, उंची अनुक्रमे ४०, ७०, १०० आणि १३० सेंटिमीटर. प्रत्येक बाजूला ते दोन ठिकाणी उभ्या पट्ट्यांनी एकमेकांना बांधलेले, म्हणजे दोन दोरांमधून अंग निसटत नाही. चौकट मांडल्यावर दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे आले तरच चौरस खरा. मग मधले आधार, त्यावर प्लायवूड, त्यावर फोम, त्यावर कॅनव्हास. कॅनव्हासला सुरकुती राहिली तर पाय अडकतो. दोर ताणताना एकच बाजू आधी आवळू नये, खांब झुकतात. समोरासमोरच्या बाजू थोड्या थोड्या आवळत जाव्यात. टर्नबकलचं लोखंड कोपऱ्याच्या गादीआड पूर्ण झाकलेलं हवं. एक कोपरा लाल, समोरचा निळा, उरलेले दोन पांढरे. आणि तीन जिने. दोन खेळाडूंच्या कोपऱ्यांना, तिसरा पंच आणि डॉक्टरसाठी. डॉक्टर नसेल तर लढत नाही, एवढा नियम आपण स्वतःला घालून घ्यावा.

एवढं केलं म्हणजे लोखंडाची रिंग उभी राहिली. खरी रिंग अजून बाकी आहे.

खुर्च्यांवर कोण?

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधल्या लढतींची चौकशी मॅकलॅरेन समितीने केली आणि २०२१ साली सांगितलं की, तिथे पंचगिरीत गैरप्रकार झाले होते. रिंगचं माप अचूक होतं, कर्ण सारखे होते. खोट होती ती रिंगभोवतीच्या खुर्च्यांवर. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने जागतिक संघटनेला २०१९ साली निलंबित केलं आणि २०२३ साली तिची मान्यताच काढली.

स्त्रियांचं पाहा. पुरुषांचं बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये १९०४ पासून आणि स्त्रियांचं २०१२ पासून. मणिपूरच्या आदिवासी घरातली मेरी कोम तोवर पाच वेळा जगज्जेती झाली होती. एकशे आठ वर्षं दोर तेच होते, रिंग तीच होती. स्त्रियांना आत घ्यायचा निर्णय घेणाऱ्या खुर्च्या मात्र पुरुषांच्या होत्या.

आपल्या वस्त्यांत आज काय चालतं? निवडणूक जवळ आली की कुणीतरी पुढारी व्यायामशाळेला रिंग देतो, त्यावर स्वतःचं नाव रंगवतो आणि तिथे तयार झालेली पोरं मोर्चात, दमदाटीत, सभेच्या बंदोबस्तात वापरतो. पोरांच्या अंगात ताकद येते, पण ती कुणासाठी वापरायची हे दुसराच ठरवतो. रिंग ज्याची, पोरगं त्याचं. हे आपण ओळखलं नाही तर रेनोच्या फळ्या ठोकणारे आणि आपण यात फरक काय?

म्हणून आमचं सांगणं आहे. रिंग वर्गणीतून उभी करा, छोटी असली तरी चालेल. तिचा हिशेब भिंतीवर लावा. समितीत निम्म्या मुली असू द्या आणि सरावाची वेळ मुलींनाही संध्याकाळचीच द्या, उरलेली नव्हे. दहा मुलं लढायला शिकत असतील तर त्यातल्या दोघा-तिघांनी पंचाची परीक्षा द्यावी, एखादीने क्रीडा प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम करावा, एखाद्याने फिजिओथेरपी शिकावी, एखादीने वकिली करून संघटनांची घटना आणि नियम वाचावेत. जिल्हा संघटनेच्या निवडणुकीत उभं राहावं.

मॉलिनोपाशी ताकद होती, धैर्य होतं, रिचमंडसारखा गुरू होता. त्याच्याकडे नव्हती ती दोर राखणारी स्वतःची माणसं. दोनशे वर्षांनंतर आपण फक्त मॉलिनो तयार करत राहिलो, तर गर्दी पुन्हा आत येईल. दोर राखणारे तयार करा.

जय भीम.